सासऱ्यांना वाचून दाखवलेलं अमेरिकन पुस्तक

लग्न होऊन मी कारंज्याला आले तेव्हा मॅट्रिक नापास होते, आणि तेही इंग्रजीत. नेमके सासरे हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो अजून पिकला नाही म्हणून ऑपरेशन थांबलं होतं. आयुष्यभर वाचलेला माणूस दिवसभर ओसरीवर नुसता बसून असे.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, तुले इंग्रजी वाचता येते काय?"

मी दाराआडून म्हटलं, "वाचता येते मामाजी, पण समजत नाई."

"वाच तू. समजाचं काम माहं."

त्यांनी हातात दिलेल्या पुस्तकाला पुठ्ठाही नव्हता. अमेरिकेतल्या कोण्या विनोदी लेखकाच्या कविता आणि चुटके होते. मी अडखळत एक कविता वाचली. शेजाऱ्याच्या खेचराला शिस्त लावायला गेलेला एक शहाणा लाथ खाऊन घरी येतो आणि बायकोला सांगतो, खेचर आता बरंच सुधारलं आहे. मामाजी ओळीओळीला थांबवून अर्थ सांगत होते. शेवटच्या ओळीला मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत तूर पाखडत होत्या. सूप घेऊनच बाहेर आल्या. "काय झालं? सासरा-सून मिळून कायले हासून राह्यले?"

मी घाईनं पुस्तक मिटलं. सुनेचं हसणं उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हे मला माहेरी बजावलेलं. मामाजींनी घाईघाईनं कविता सांगितली, अगदी वर्गात सांगावी तशी. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"यात हासाचं काय हाय? सूनबाई, तू सांग बरं."

मी सांगितली. खेचराचं कुंभाराचं गाढव झालं, अमेरिकेचा शहाणा आमच्या गल्लीत येऊन बसला. आत्याबाई इतक्या हसल्या की सुपातली तूर ओसरीभर सांडली. ती वेचता वेचता म्हणाल्या, "आनखी एक सांग वं."

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. मी वाचायची, मामाजी अर्थ लावायचे, मी वऱ्हाडीत सांगायची. एक चुटका आत्याबाईंना फार आवडला. आपण रागावलेलो नाही असं जो ओरडून सांगतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं, असा काहीसा. मामाजी कधी तापले की त्या शांतपणे विचारत, "तुमचा अमेरिकेवाला काय म्हनते?" मामाजी आधी आणखी तापत आणि मग हसत.

अकोल्याला ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. आता आपली गरज संपली, असं वाटून मी खट्टू झाले होते. मामाजींनी ते पुस्तक एका दिवसात स्वतः वाचून काढलं आणि दुसऱ्या सकाळी म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म भर."

मी आत्याबाईंकडे बघितलं. घरात कामाला दुसरं कोणी नव्हतं.

"माह्याकडं काय पाह्यतं? सयपाक मी करीन," त्या म्हणाल्या.

अमरावतीच्या केंद्रावर माझ्याबरोबर मामाजी आले. तीन तास ते फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. मी पास झाले. पुढं मास्तरीण झाले आणि वर्गात मुलींना हसू दिलं.

त्या लेखकाचं मी पुढं बरंच वाचलं. त्याच्या सगळ्याच ओळी चांगल्या नाहीत. पण त्याला ठाऊकही नसलेल्या एका गावात, नव्या सुनेला मोकळं हसायची सवय त्याच्यामुळे लागली. आणि ती सवय मोडायचा हक्क असूनही ज्या दोघांनी मोडली नाही, त्यांची आठवण आली की आजही हात आपोआप जोडले जातात.