गुलाबी गोळीचं काम काय?

एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर काढलेला माणूस वृद्धाश्रमात आला म्हणून सुधारत नाही. गेटमामा सोबत कोरी वही घेऊनच आले. येणाऱ्याला प्रश्न ठरलेले: नाव काय, कुणाकडे, काम काय? शिवाय यायची वेळ, जायची वेळ. मग तो व्यवस्थापक असो नाहीतर औषधाची गोळी. रक्तदाबाची, साखरेची, सगळ्यांची वहीत रीतसर नोंद होती.

गुलाबी गोळी तेवढी बिनबोभाट घुसली.

"हिचं नाव काय?"

"डॉक्टरांनी दिलीय मामा, घ्या मुकाट्यानं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना अजून बावीस जणांकडे जायचं होतं. मामांना दया आली आणि त्यांनी गोळी गिळली.

त्या रविवारी थोरली बहीण दोन बस बदलून आली, तर मामा खुर्चीत घोरतायत. हलवलं, हाका मारल्या, छे! दोन तास बसून ती निघाली आणि जाताना वहीत लिहून गेली: 'नाव: ताई. कुणाकडे: धाकट्या भावाकडे. काम: झालं नाही.'

ते वाचून मामांना रडूच आलं. उभ्या नोकरीत एक डुलकी नाही, आणि आता ब्याऐंशी वर्षांची बहीण फाटकावरून परत गेली! मग मात्र त्यांचं टाळकं सरकलं.

सोमवारी गुलाबी गोळी समोर येताच त्यांनी तोंड मिटलं. नर्सबाईंनी समजावलं, व्यवस्थापकांनी दरडावलं, मामा ढिम्म. "ओळख पटल्याशिवाय आत सोडणार नाही." शेवटी डॉक्टर आले.

"तुम्ही रोज संध्याकाळी दारं चाचपत फिरता म्हणे. अस्वस्थ आहात असं वाटलं, म्हणून ही शांत करायची गोळी."

"अस्वस्थ कसला! मागच्या दाराची कडी लागत नाही, म्हणून बघतो. मला विचारलंत कुणी?"

डॉक्टरांनी जाऊन मागच्या दाराला बोट लावलं. दार उघडलं आणि गल्लीतलं कुत्रं ऐटीत आत आलं. त्याला कुणी नावगाव विचारलं नाही.

"चुकलंच आमचं," डॉक्टर म्हणाले. गुलाबी गोळी बंद झाली, सुतार आला, आणि पुढे कुठलीही नवी गोळी द्यायच्या आधी नर्सबाई तिचं नाव आणि काम सांगू लागल्या. तेवीसही जणांना.

रविवारी मामा दाढी करून सकाळपासून दारात. ताई दिसली तशी त्यांनी वही उघडली. नियम म्हणजे नियम.

"नाव काय? काम काय?"

"आण ती वही इकडे, गधड्या!" ताईनं लिहिलं: 'काम: मागच्या रविवारचं राहिलेलं भांडण.'

मग तिनं सवयीनं जायच्या वेळेच्या रकान्याकडे पेन नेलं. मामांनी तो हातानं झाकून टाकला.