इंदूरला जायचं तर आधी इच्छापूर

मी शाळेत भूगोल शिकवतो. बऱ्हाणपूरहून इंदूर उत्तरेला आणि इच्छापूर दक्षिणेला, हे मी डोळे मिटून फळ्यावर काढून दाखवीन. पण आमच्या घरात या ज्ञानाला कवडीची किंमत नाही. आमच्या घरातून इंदूरला जाणारा रस्ता इच्छापूरवरूनच जातो.

त्या शनिवारी मला दुपारी चारला इंदूरच्या स्टेडियममध्ये पोचायचं होतं. टीव्हीवरच्या एका अंतराळ-मालिकेचा भव्य खेळ देशभर फिरत फिरत तिथे आला होता. खरी माणसं, खरा धूर, आणि छतातून खाली येणारं घराएवढं यान. इंदूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीने दोन तिकिटं काढली होती, एक तिचं आणि एक माझं. पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी बंगलोरला जाणार होती.

ती तिसरीत असल्यापासून ही मालिका आम्ही दोघं हिंदीतून बघायचो. दर भागाच्या सुरुवातीला काळ्याभोर आकाशातून यान खाली उतरायचं. त्या वेळी खोलीत उजेड नको, असा तिचा हुकूम असे. ती "बंद!" म्हणायची आणि मी भिंतीवरचं बटण दाबायचो. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अरे, अंधारात काय करू राह्यले बाप-लेक?" उत्तर द्यायला आम्हाला फुरसत नसे.

"पप्पा, शोमध्येपण यान सुरुवातीलाच उतरतं," मुलीने फोनवर बजावलं होतं. "ते चुकलं तर बाकीचं बघून काय फायदा?"

मी एकटाच पहाटे निघणार होतो. चूक एवढीच झाली, की जेवताना ते बोलून गेलो. आमच्या गावात "गाडी जातेच आहे" असं एकदा झालं की ती गाडी आपली राहत नाही. इंदूरला रिकामी गाडी नेणं म्हणजे जवळजवळ पाप. दुसऱ्या दिवशी गावातल्याच राजपुऱ्याहून आत्याचा फोन. "गाडी जाऊनच राह्यली तं मले बी घे ना रे बाप्पा. गुडघा दाखवायचा हाय." तिची मुलगी इंदूरलाच राहते. आत्या निघाली म्हटल्यावर सोबतीला आई निघाली. शेती सांभाळणाऱ्या भावाने आत्याच्या मुलीसाठी केळीचा अख्खा घड आणून डिकीत टाकला. बायको तेवढी हुशार. तिने दशम्या बांधून दिल्या आणि ती घरीच थांबली.

तरी वेळेत पोचलो असतो. पण गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली, "पोरगी परमुलखात चालली. देवीला सांगितल्याबिगर गाडीचं तोंड तिकडं करायचं नाही." मी म्हटलं, इच्छापूरची देवी उलट्या दिशेला आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने गाडी वळवली.

इच्छापूरला आत्या गुडघा धरून एकेक पायरी चढत होती. खालूनच हात जोड म्हटलं तर तिला राग आला. गुडघा दाखवायला डॉक्टरकडे निघालेली बाई देवीच्या पायऱ्या चढून गुडघ्याची उरलीसुरली वाट लावत होती, आणि मी पायथ्याशी घड्याळ बघत उभा होतो. दर्शन, ओटी, प्रसाद, सगळं यथासांग झालं. परत येऊन बऱ्हाणपूर ओलांडणार, तेवढ्यात आत्याला आठवलं, की गुडघ्याचे एक्स-रे घरीच राहिले. राजपुऱ्याच्या गल्लीत गाडी घातली. समोरून सिमेंटची ट्रॉली आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

पुढे असीरगडचा घाट, खोदून ठेवलेला रस्ता, ट्रकांच्या रांगा. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आराम से या, पप्पा. टेन्शन नका घेऊ." मला तिच्या शांतपणाचाही राग आला. आम्ही दोघांनी इतकी वर्षं जपलेली गोष्ट हिच्या लेखी संपली की काय?

बडवाहजवळ नर्मदेच्या पुलावर चार वाजले. "गाडी हळू कर, पैसा टाकू दे," आई म्हणाली.

"उतरलं!" मी ओरडलो. "तिकडे यान उतरलं!"

"कोण उतरलं रे?" आत्याने विचारलं आणि शांतपणे नदीला हात जोडले. मागच्या सीटवर आता दशम्या सोडायची तयारी चालली होती.

इंदूरला आत्याच्या मुलीने चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. चहाच्या आधी पोहे आले. मी ते उभ्यानेच घशाखाली ढकलले आणि स्टेडियमकडे निघालो. जाऊन लेकीची क्षमा तरी मागावी, एवढंच मनात होतं.

ती बाहेरच्या कट्ट्यावर पाय हलवत भुट्टा खात बसली होती. आजूबाजूला चंदेरी कपडे घातलेली पोरं रांगेत उभी.

"आत का नाही गेलीस?" मी धापा टाकत विचारलं.

"गेट आत्ता उघडलं ना. शो सातला आहे."

"तू तर चार म्हणालीस!"

"तुम्हाला चार सांगितलं," ती भुट्टा माझ्यापुढे धरत म्हणाली. "आजी इच्छापूरला नेणारच. राजपुऱ्याची आत्याआजी आली असेल, काहीतरी विसरली असेल, मग परत घरी. मग इथे तिच्या मुलीकडे चहा-पोहे. बरोबर?"

अगदी बरोबर होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी भडकलो. दिवसभराचा सगळा राग तिच्यावर काढला. ती नुसती हसत होती. त्या हसण्याने मला माझे वडील आठवले. ते थकल्यावर आम्ही सगळे त्यांना रेल्वेची वेळ तासभर आधीची सांगायचो. फलाटावर हे कळलं की ते फार चिडायचे, आणि आम्ही असेच हसायचो. म्हणजे आता माझा नंबर लागला होता.

आत आमच्या जागा पार वर होत्या. मी फुगून बसलो होतो. निवेदन संपलं, गर्दी गप्प झाली आणि ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "बंद!"

माझा हात आपोआप वर उठला, भिंतीवरचं बटण शोधायला. तिथे भिंत नव्हती. अख्ख्या स्टेडियममधले दिवे कुणीतरी दुसऱ्यानेच घालवले. तिने अंधारात माझा तो हात धरला, खाली आणला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.

एवढा आटापिटा करून पोचलो, आणि यान उतरलं तेव्हा मला धड दिसलंच नाही. डोळे भरून आले होते.