शेवटचे तीन सूर

पेचकसाची लाकडी मूठ दातांत धरायची, पोलादी टोक रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीला टेकवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. काका असे उभे राहिले की समोर बससाठी थांबलेली नवी माणसं हसायची. रोजची माणसं हसत नसत. आता डोळे उघडतील, पेचकस दातांतून निघेल आणि आपल्यापैकी कुणाकडे तरी बोट दाखवून प्रश्न येईल, हे त्यांना माहीत असायचं.

"काय ऐकू आलं? आणि छान म्हणू नका."

त्या वर्षांत पंचवटीकडून सिटी बसने गावात जात असाल, तर तुम्हीही त्या स्टॉपवर उभे राहिला असाल. स्टॉपच्या मागेच त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं; काका त्यांना सगळेच म्हणत. आत एका माणसाला जेमतेम पाठ वळवता यायची. भिंतीवर उघडे रेडिओ, फळीवर व्हॉल्व्हचे डबे आणि पुढे, अगदी रस्त्याच्या तोंडाशी, कापडाखाली झाकलेला एक तपकिरी रेकॉर्ड प्लेअर. तो काकांचा नव्हता.

मी निफाडकडची. वडील पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जातं ते बघायचं, हे त्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी कॉलेजसाठी नाशिकला आत्याकडे राहायला आले. आत्याची खोली विहाराच्या मागच्या चाळीत. शहरात मला कुणी काही विचारलं की मी आधी 'हो' म्हणत असे आणि प्रश्न काय होता याचा विचार मागाहून करत असे. ही सवय आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं असं मला वाटतं.

तो प्लेअर देवळालीच्या एका वयस्कर पारशी बाईंचा होता. दुरुस्तीला टाकताना त्यांनी आतली रेकॉर्डही तशीच ठेवली होती. नुसता पियानो, गाणं नाही. आमच्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी पाकिटावरचं वाचून सांगितलं होतं की संगीत फ्रान्समधल्या एका माणसाचं, तो केव्हाच वारला, आणि वाजवणारा जगभर नावाजलेला आहे. बाई मुंबईला आजारी बहिणीकडे निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, वाजवत राहा हां. बंद ठेवला तर मशीन मरते. आणि छेवटचे तीन सूर सांभाळा. माझा भाऊ तिथे श्वास पण घेत नसे." भाऊ आता नव्हता.

बाई लवकर परत आल्या नाहीत, पण काका वाजवत राहिले. दुरुस्त झालेला प्रत्येक प्लेअर ते याच रेकॉर्डवर तपासत. सुई थेट शेवटच्या तुकड्यावर ठेवायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पेटीचा सूर भात्यावर ताणून धरता येतो. पियानोचा सूर मारला की लगेच मरायला लागतो. मरता मरता तो थरथरला, की समजायचं मोटर खराब आहे."

त्यामुळे त्या स्टॉपवरच्या माणसांनी हे फ्रेंच संगीत जितक्या वेळा ऐकलं असेल, तितक्या वेळा नाशिकमध्ये कुणी ऐकलं नसेल. आणि प्रत्येकाचं ऐकणं वेगळं. एक निवृत्त हवालदार ठामपणे म्हणायचे, "हा अजून शिकतोय. पास झाला की मला बोलवा." गंगेवरचे, म्हणजे गोदाकाठचे, एक गुरुजी वैतागायचे, "याला सम कुठंय? सम नाही तर माणसानं मान डोलवायची कधी?" येवल्याचे एक विणकर चाचा महिन्यातून एकदा पैठण्या घेऊन गावातल्या दुकानात यायचे. त्यांनी दोन बस सोडल्या, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "ये धूपछाँव है, भाई. उभा धागा एक रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हलवलं की रंग हलतो. मी पन्नास वर्षं हेच करतोय."

पंचवटीतल्या भाजीवाल्या मावशी टोपली खाली ठेवून ऐकायच्या. "बाई घरी एकलीच हाय," त्या म्हणाल्या. "भांडी उगाच इकडची तिकडं ठेवतीय. कोणाची तरी वाट बघतीय."

काका सगळ्यांचं सारख्याच गांभीर्याने ऐकायचे, हवालदारांचंसुद्धा. आमच्या विहाराचा ॲम्प्लिफायर दुरुस्त केला तेव्हा त्यांनी तोही याच रेकॉर्डवर तपासला. भोंग्यातून सगळ्या चाळीवर पियानो. आत्या हात पुसत दारात आली. "लग्नाचं हाय का मयताचं, काय कळंना." मी हे काकांना सांगितलं तर ते किती तरी वेळ मान हलवत राहिले. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "ते कळू नये असंच वाजवलंय."

पहिल्यांदा बोट माझ्याकडे वळलं तेव्हा मी "छान" म्हणाले होते. त्यांनी तिथेच सुई उचलली. मी इतकी खजील झाले की दुसऱ्या दिवशी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "अहो ताई, इकडं या. रागावलो नव्हतो. छान हे काही ऐकणं नव्हे, एवढंच." शहरात मला 'अहो ताई' म्हणणारे ते पहिले.

मग एकदा बस त्यांच्या अगदी पाठीशी येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, गुरुजी दचकून बाजूला झाले आणि काका शांतपणे तार सोलत राहिले. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला," ते म्हणाले. "उजवा निघालाय. समोरून बोललात तर ओठांवरून कळतं. बाकी दातांतून हाडाला थोडं पोचतं अजून. मोठे सूर पोचतात. ते शेवटचे तीन नाही पोचत."

तेव्हा मला कळलं की ते सगळ्यांना का विचारतात. माणसांच्या तोंडून ते रेकॉर्ड ऐकत होते.

त्यांनी मला एक काम सोपवलं. "रेकॉर्ड झिजते, ताई. ज्या दिवशी ते तीन सूर मंद होतील त्या दिवशी सांगा. मी वाजवणं बंद करीन, दुसरी एखादी घेईन. बाईंची वस्तू आहे. बाकीचे गंमत म्हणून ऐकतात. तुम्ही मन लावून ऐकता." मी हो म्हणाले.

वर्षभर मी खरं सांगितलं. सूर येत होते. आधी एक मोठा गलका उठायचा, उतरायचा, मग बराच वेळ काहीच नाही. आणि आपण आता संपलं म्हणून पिशवी उचलावी, तेव्हा लांबून एक, दोन, तीन. काय ऐकू आलं, हे मात्र मला कधी सांगता आलं नाही. ओळखीचं काही तरी आहे एवढंच वाटायचं. काका म्हणायचे, "घाई नाही. सापडलं की सांगा."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि मी ऐकलं तर तिसरा सूर नव्हता. त्या जागी खरखर होती. काकांनी पेचकस काढला. कपाळावर घाम, आणि चेहरा असा की आत बाळंतीण आहे आणि दारात उभं राहून दाईला विचारतायत.

"येतायत तिन्ही?"

"येतायत," मी म्हणाले.

खरं सांगायला हवं होतं. मला वाटलं, त्यांना एवढा एकच तर आनंद आहे, तो आज कशाला मोडायचा. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर कालचं खोटं आधी सांगावं लागलं असतं. संक्रांतीपर्यंत दुसरा सूर गेला. गिऱ्हाइकांच्या बोथट सुया त्याच जागेवरून जात राहिल्या. काका विचारत राहिले आणि मी हो म्हणत राहिले. उन्हाळ्यात पहिलाही गेला. हवालदारांनी एकदा म्हटलं, "शेवटी काय तळतोय हा?" काकांची तेव्हा पाठ होती. मी हवालदारांकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा, थंडीत, सकाळी एक टॅक्सी दुकानाशी थांबली. पारशी बाई उतरल्या. हातात काठी. बहीण गेली होती, आणि चार वर्षांनी त्या देवळालीला परतल्या होत्या. काकांनी त्यांच्यासाठी स्टूल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. प्लेअरवरचं कापड काढलं. पितळेचा भाग चकचकत होता.

"बघा. एक दिवस बंद ठेवला नाही. आणि तुमचे तीन सूर," त्यांनी माझ्याकडे हात केला, "या ताई साक्षीदार आहेत."

त्यांनी सुई ठेवली. पेचकस हातात घेतला नाही, बाईंसमोर ते बरं दिसलं नसतं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. बाईंनी डोळे मिटले. गलका उठला, उतरला. मग ती शांतता यायची तिथे खरखर सुरू झाली. बाई वाट बघत होत्या. श्वास रोखलेला मला दिसत होता. खरखर चालू राहिली आणि सुई आतल्या कडेला जाऊन टकटक करू लागली.

बाईंनी डोळे उघडले. समोर काकांचा चेहरा होता. त्यांनी तो पुरता बघितला, मग म्हणाल्या, "छान. बहु छान, मिस्त्री."

तो शब्द ओठांवरून ओळखायला काकांना वेळ लागला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. एवढंच झालं.

त्यांनी प्लेअर बांधून दिला. सुतळीची गाठ दोनदा तपासली. टॅक्सी गेली. मी म्हणाले, "काका..."

"ताई, तुमची बस आली," ते म्हणाले.

बस आलेली नव्हती. मी जाऊन स्टॉपवर उभी राहिले.

त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी दिसले की नमस्कारासारखी मान हलवायचे आणि कामाकडे वळायचे. प्लेअर, रेडिओ घेणं त्यांनी हळूहळू थांबवलं. दुकानात इस्त्र्या आणि शेगड्या दिसू लागल्या. मावशींनी विचारलं तर म्हणाले, "इस्त्रीला आवाज नसतो. बोट लावलं की कळतं."

परीक्षा देऊन मी घरी गेले. उन्हाळी पाणी सुटायचं होतं. वडिलांबरोबर पहाटे कालव्यावर गेले. कालवा महिनाभर कोरडा होता. वरून दार उघडल्याचा निरोप आला, आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. पाणी दिसायच्या आधी, लांबून, कालव्याच्या तळाचा पाचोळा सरकू लागला. थोडा सरकला. थांबला. पुन्हा थोडा. मग त्याच्या मागून पाणी आलं, जवळजवळ आवाज न करता.

मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. रेकॉर्डमध्ये ओळखीचं होतं ते हेच.

मी घरी येऊन कागद लिहिला. चार वेळा फाडला. पाचव्यात दोन गोष्टी राहिल्या. कोणता सूर कधी गेला आणि मी कधी कधी खोटं बोलले, हे आधी. मग कालव्याचं. काकांना आता ऐकू येत नसेल, पण वाचता येईल, असा विचार केला होता.

निकालासाठी नाशिकला आले आणि स्टेशनवरून आत्याकडे न जाता थेट स्टॉपवर गेले. दुकानाचं शटर खाली होतं. मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

"गेले ना गं," त्या म्हणाल्या. "झोपंतच. तेरावंबी झालं. तुला नाय कळलं?"

माझ्या हातातला कागद बघून त्यांनी विचारलं, "काय हाय त्ये?"

"काकांना लिहिलं होतं."

"वाच."

मी वाचलं. मधे एक बस येऊन गेली. मावशींनी ती सोडली. पाचोळ्यापाशी आल्यावर त्या मान हलवत होत्या. मी थांबले. त्यांनी शटरकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"मग तवा का नाय बोललीस, बाई?"

मी कागदाची घडी घातली.

पुढची बस आली. मी टोपलीला हात लावला, मावशी चढल्या. मग मी वाकून कागद शटरच्या खालच्या फटीतून आत सरकवला. तो आत पडल्याचा थोडासा आवाज झाला असेल. बसचं इंजिन चालू होतं, मला तो ऐकू आला नाही.