आईचा न दुखणारा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. मागच्या मंगळवारी रूथबाईंना माती दिली. ज्यांना सांगायला हवं होतं त्याच आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

मी संगमनेरकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन इकडं चामोर्शीला आले. बोली कळेना, नुसत्या भातानं पोट भरेना. आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी एकेकानं उठून प्रार्थनेचा विषय सांगायचा असतो — कुणासाठी, कशासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची ते. पहिल्याच रविवारी माझी पाळी आली. काय सांगणार? इथं करमत नाही — सासूबाई शेजारी बसलेल्या असताना? तोंडातून निघून गेलं, "आईचा गुडघा दुखतो."

आईचा गुडघा! ती आजही वरातीत सगळ्यांच्या पुढं नाचते.

रूथबाई मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी तो गुडघा जो उचलला, तो नऊ वर्षं खाली ठेवला नाही. डोळे मिटून देवाशी भांडायच्या, "प्रभू, गुडघे दोन देल्ले तुनं, मंग एकच काऊन चालवून राह्यला?" मंडळी हसायची, मीही हसायचे. मग दाराशी चपला घालताना माझा हात धरायच्या — "माय काय म्हन्ते वं तुही?" आणि मी सांगत सुटायचे — आईच्या बाजरीच्या भाकरी, आमच्या शेळ्या, विहिरीवरची भांडणं. मला इथं करमायला लागलं ते तिथंच, त्या चपलांच्या ढिगापाशी.

बरा झाला, असं का नाही सांगितलं? बरं झालं की साक्ष द्यावी लागते — पुढं उभं राहून, देवानं काय केलं ते. तेवढी हिंमत कुठली? गुडघा दुखता ठेवणं सोपं होतं.

मग माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला आई आली. मी तिला — कसं लिहू? — मी तिला म्हटलं, "आई, चर्चमध्ये जरा लंगडत चाल." बिचारी लंगडली. आत जाताना डाव्या पायानं, बाहेर येताना उजव्या! मधल्या वेळात रूथबाईंनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. उपासना संपली तर त्यांना उठवेना. दोन बायकांनी बगलेत धरून उभं केलं. "माह्यं सोडा वं," त्या हसत होत्या, "पाव्हनीले पाहा."

मंगळवारी त्यांना ढोलकी वाजवत नेलं. रडाल तर याद राखा, असं सांगूनच ठेवलं होतं त्यांनी. कबरीपाशीही त्यांच्या गोष्टी काढून लोक हसत होते. पाळकांनी मला बोलायला सांगितलं. मी पुढं झाले — आणि म्हणाले, रूथबाईंच्या प्रार्थनेनं माझी आई बरी झाली. सगळे मोठ्यांदा 'आमेन' म्हणाले.

खोटी साक्ष दिली मी. दुखायचे ते रूथबाईंचे गुडघे. नऊ वर्षं मला दिसत होते, आणि त्यांच्यासाठी विषय द्यायला मी एकदाही उठले नाही.