मुच्चळराव

मुच्चळराव कोणाच्या घरी गेले की पाणी मागत नसत, औषधांचा डबा मागत. डबा आला की चष्मा कपाळावर चढवून एकेक बाटली उलटी धरत, झाकण कानाशी नेऊन फिरवत, बुडाशी त्रिकोणात छापलेला प्लास्टिकच्या जातीचा आकडा वाचत आणि मगच "कसे आहात?" विचारत. कन्नडमध्ये झाकणाला मुच्चळ म्हणतात. हेब्बाळच्या एका कारखान्यात औषधांच्या प्लास्टिक बाटल्या आणि झाकणं तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. जुन्या म्हैसूरच्या मराठा घराण्यातले असल्यामुळे नावापुढे राव होतंच. आमच्या गल्लीने दोन्ही जोडून टाकलं. त्यांना हे माहीत होतं. "आडनाव वडिलांकडून मिळतं री," कन्नडमधलं 'अहो' जोडून ते म्हणत, "हे मी कमावलंय."

आम्ही सांगलीहून इथे म्हैसूरला राहायला आलो त्याच आठवड्यात आमचा डबा तपासला गेला. माझी पत्नी गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून सुटे तुकडे मधाच्या जुन्या बरणीत ठेवत असे. जागा कमी लागते म्हणून. रावांनी एक तुकडा चिमटीत उचलला.

"वहिनी, ही कोण?"

"तापाची असेल."

"असेल! नाव कापलं, तारीख कापली. अनाथ आहे बिचारी."

"काका, गोळी आहे ती. लग्न नाही लावायचंय तिचं."

"पोटात घ्यायची ना? मग घराणं नको बघायला?"

त्या दिवशी बरणीतल्या तेवीस तुकड्यांपैकी फक्त चौदांची ओळख पटली. उरलेले नऊ रावांनी कागदात गुंडाळून औषधाच्या दुकानात परत नेले. कचऱ्यात टाकू दिले नाहीत.

ते दुकानदार रावांना लांबून पाहूनच उसासा टाकत. राव आधी दुकानाबाहेर उभे राहून काचेच्या कपाटात कोणत्या बाटल्यांवर ऊन पडतं ते पाहत. मग आत येऊन पट्टीवरचा प्रत्येक फुगा अंगठ्याने हलकेच दाबत, कुठे हवा निसटते का म्हणून. एकदा दुकानदार वैतागून कन्नडमध्ये म्हणाले, "राव, औषध घ्या, नाहीतर दुकान तरी घ्या!" राव शांतपणे म्हणाले, "दुकान घेतलं असतं. पण पश्चिमेकडे तोंड आहे." दुसऱ्या दिवशी तिथे पडदा लागला.

एवढं असून प्लास्टिकला कोणी सरसकट नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. गल्लीतल्या गणपतीत कोणीतरी म्हणालं, औषध काचेतच असावं, प्लास्टिक म्हणजे विष. राव आरती संपेपर्यंत थांबले, आणि मग प्रसादाच्या रांगेत त्या गृहस्थांच्या मागे उभे राहून वाटीत प्रसाद पडेपर्यंत बोलत राहिले. काही औषधं प्लास्टिकमध्ये मुरतात, त्यांना काचच हवी. काहींना उजेड चालत नाही, काहींना दमट हवा. पांढऱ्या जाड बाटलीत गोळ्या सुखाने राहतात. त्याच बाटलीत उद्या तुम्ही फिनेल भरलंत तर दोष कोणाचा? "प्लास्टिक वाईट नाही, चुकीचं प्लास्टिक वाईट. ज्याचं घर त्याला. अष्टे, एवढंच." गृहस्थांनी प्रसाद घेतला आणि चपला न शोधताच निघून गेले.

स्वतः राव थायरॉइडची गोळी घेत. शंभर गोळ्यांची बाटली, झाकण दाबून फिरवायचं. नुसतं फिरवलं तर टक् टक् वाजत राहतं आणि उघडत नाही, म्हणजे लहान मुलांच्या हाती गोळ्या लागत नाहीत. ते झाकण त्यांच्याच कारखान्यातलं. बाटली उघडली की त्या दिवशीची तारीख ते लेबलावर लिहीत.

गेल्या जुलैत राव बसल्या बसल्या पेंगू लागले, चेहरा सुजला. मी त्यांना स्कूटरवरून डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा बराच वर गेला होता.

"गोळी रोज घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकतीस वर्षं एक बॅच चुकवली नाही, गोळी चुकवीन?"

डॉक्टरांनी डोस पन्नासचा पंच्याहत्तर करायला पेन उचललं. बाटली रावांच्या पिशवीत होती. लेबलावर एक जून लिहिलं होतं आणि त्या दिवशी वीस जुलै होती. पन्नास दिवस. मी म्हटलं, "डॉक्टर, एक मिनिट. आत पन्नास उरल्या असायला हव्यात. राव, उघडा बरं."

रावांनी झाकण दाबलं, फिरवलं. टक् टक् टक्. पुन्हा दाबलं. टक् टक् टक्.

"तुमचा एसी फार आहे," ते डॉक्टरांना म्हणाले. "बोटं गारठली."

मी उघडली. मोजल्या. एकाहत्तर निघाल्या. एकवीस दिवस गोळी पोटात गेलीच नव्हती, आणि डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही दोघे रावांकडे पाहत होतो, राव झाकणाकडे.

"झाकण उत्तम आहे," ते म्हणाले.

साधं झाकण घ्या, या सल्ल्यावर त्यांनी नकाराची मान हलवली. बन्नूरहून मुलगी येते, तिची मुलगी तीन वर्षांची आहे. उघडं ठेवलं तर दमट हवा लागते. दुसऱ्या डबीत काढणं तर शक्यच नव्हतं. बाहेर आल्यावर स्कूटरपाशी मला म्हणाले, "मुलीला सांगायचं नाही. पोरांना उघडत नाही, म्हाताऱ्यांना उघडतं, असं त्या झाकणाच्या तपासणीच्या कागदावर लिहिलंय. खाली सही माझी आहे." मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा चाळीसला आमची बेल वाजली. दारात राव, हातात बाटली.

"देशपांडे, तुमचा टॉर्क बघू." झाकण फिरवायला लागणाऱ्या जोराला ते टॉर्क म्हणत.

मी उघडली. त्यांनी बोट न लावता एक गोळी झाकणात घेतली, तिथून तोंडात टाकली, आमचंच पाणी प्यायले आणि म्हणाले, "पास." मग हे रोजचंच झालं. मी कॅलेंडरवर खूण करू लागलो. ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून एकसष्ट खुणा, एकही गाळलेली नाही. कधी कधी शेरा मिळे: "आज मनगट ढिलं आहे. रात्री भात जास्त झाला काय?" पत्नी माझ्याकडे बघून म्हणे, "या माणसाला रोज सकाळी कोणीतरी पास करतं, हेच नवल." रक्तातला आकडा जागेवर आला. चेहऱ्याची सूज उतरली.

ऑक्टोबरात मुलीने त्यांना बन्नूरला न्यायचं ठरवलं. माझी झोप उडाली. तिथे नात घरातच, म्हणजे झाकण तेच हवं. आणि ते उघडत नाही हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. मी रोज विचारायचो, "सांगितलंत?" ते म्हणायचे, "सांगतो, सावकाश." एकदा म्हणाले, "तिला कामं फार आहेत." मी शब्द दिला होता. तो मोडायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन रात्री चर्चा झाली आणि शेवटी मोडायचाच असं ठरलं.

निघायच्या सकाळी गाडी उभी होती. मुलगी डिकीत पिशव्या रचत होती. मी तिच्याकडे निघालो, तोच राव आडवे आले आणि त्यांनी बाटली पुढे केली.

"टॉर्क?" मी हळूच विचारलं.

"टॉर्क-बिर्क काही नाही री," ते मोठ्याने म्हणाले. "मला उघडत नाही. उघडून द्या."

डिकीतला हात थांबला. "याके अप्पा, का? कधीपासून उघडत नाही?"

"जूनपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मी बाटली घ्यायला हात पुढे केला होता. रावांनी ती माझ्यासमोरून काढून तिच्या हातात दिली. तिने फिरवली. टक् टक् टक्.

"दाब आधी," ते म्हणाले. "दाबून फिरव. हां. बाटली पास आहे गं. हात रिजेक्ट झालाय, अष्टे."