राहिलेला चष्मा

परवा आमच्या फिल्म सोसायटीत एक परदेशी सिनेमा दाखवला. हुकूमशहाचे शिपाई एका मास्तरांना घरातून उचलून नेतात. भाषा कुणालाच येत नव्हती, पण दारावरची थाप सगळ्या हॉलला कळली. जीप धूळ उडवत निघाली, तिच्यामागे कॅमेराही निघाला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुमनकाकू पुटपुटल्या, "अगं, चष्मा राहिला त्यांचा."

टेबलावर, उघड्या पुस्तकावर होता म्हणे. मला दिसलाच नव्हता.

पुढे तुरुंग आला, सरहद्द ओलांडणं आलं, परक्या शहरातला बर्फ आला. सिनेमा नेहमी जाणाऱ्याबरोबर जातो. मागे उरलेल्या खोलीकडे, त्या टेबलाकडे तो पुन्हा वळून बघत नाही. आपल्या सिनेमात तर ती जीपसुद्धा फारशी कुणी दाखवली नाही. त्यामुळे आपल्या माणसांना आपली खोली अशी परक्यांच्या सिनेमात शोधावी लागते.

काकूंना ती सापडली होती. आणीबाणीत काकांना भरल्या ताटावरून उठवून नेलं, एवढं मी ऐकून होते. पायऱ्या उतरताना न राहवून विचारलं, "काकू, काकांचाही राहिला होता का हो?"

"दोनदा जेलच्या दारावरून परत आणला मी, आत घेईनात. मग मीच रोज पुसून ठेवायचे. हे सुटून आले, तेव्हा आधी तो हातात दिला."

काकू कठड्याला धरून थांबल्या.

"घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'यातून काही दिसत नाही गं आता.'"