उजव्या पंखाचा दोष

मुलीचे कॅप्टन तिला रोज फोन करू लागले, तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. याआधी त्यांनी कधी दिवाळीचा मेसेजही पाठवला नव्हता. आता मात्र रोज ‘बेटा, खाना खाया?’

मुलगी को-पायलट. विमान उतरून पार्किंगकडे सावकाश जात असताना उजव्या पंखाचं टोक बाजूला उभ्या असलेल्या सामानाच्या गाडीवर आपटलं. कुणाला खरचटलंही नाही. पण दोघांचीही ड्युटी काढून घेतली, चौकशी लागली, आणि ती बदलापूरला, आमच्या सोनिवलीच्या घरी येऊन बसली. नोकरी राहणार की जाणार, ते त्या चौकशीवर होतं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होतो. तिथे अपघात झाला की वरचे साहेब आधी जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवून घ्यायचे, मग चौकशी समिती बोलवायचे. त्यामुळे चौकशी या शब्दावरच माझा विश्वास नाही. ती गाडी रेषेबाहेर कुणी लावली, हे कुणी विचारायच्या आत ती हलवली असणार, याची मला खात्री होती. वड्याचं तेल वांग्यावर निघणार, आणि वांगं आमच्या घरचं.

सोसायटीत तर बोलायचीच सोय नव्हती. “पायलटला एवढं दिसत नाही?” असं खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी वॉचमनच्या ‘आने दो, आने दो’वर मागे येत येत खांबाला लागली होती, आणि ते अजून वॉचमनशी बोलत नाहीत.

चौकशीच्या आदल्या दुपारी जेवताना मी तिलाच विचारलं, “कॅप्टनना नक्की हवंय काय?”

“मी खरं सांगावं, एवढंच. उजवीकडे मी बसते, म्हणून त्यांनी विचारलं, राइट क्लिअर? मी क्लिअर म्हणाले.”

“तुला दिसत होतं?”

“पंखाचं टोक आमच्या खिडकीतून धड दिसत नाही, बाबा. खालचा माणूस हात करून पुढे बोलवत होता. गाडी मला जरा जवळ वाटली.”

“मग थांबा म्हणायचं ना.”

“मागे एकदा मी म्हणाले होते. थांबलो, तर काहीच नव्हतं. हेच सर कितीतरी दिवस सगळ्यांसमोर मला ‘ब्रेक मॅडम’ म्हणायचे.”

माझा घास हातातच राहिला. इतके दिवस मी कॅप्टनवर, कंपनीवर, त्या गाडीवाल्यावर संशय घेत होतो, आणि मनातल्या मनात थोडा तिच्यावरही. हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“बेटा, कल बस जो हुआ वही बोलना. मैंने पूछा, तूने क्लिअर बोला.”

“बोलूंगी सर. और ये भी बोलूंगी कि मुझे पक्का नहीं था, फिर भी बोला. क्यों बोला, वो भी.”

एवढं कबूल केलं की नोकरी गेलीच. दुसऱ्या एखाद्या बापाला अभिमान वाटला असता. मला फक्त भीती वाटली. मी हाताने, मानेने तिला नको नको म्हणत होतो.

तिने माझा हात धरून खाली ठेवला आणि म्हणाली, “सर, आप लाइन पे हैं ना?”